डेक की गट्टू ते नंतर, आधी खालच्या मातीचं बोला

"ताई, रंग कोणता टाकायचा?" ठेकेदाराच्या या पहिल्याच प्रश्नाला माझ्या डोक्यात तिडीक जाते. जागा मोजलेली नाही, पाणी कुठून कुठे वाहतं ते पाहिलेलं नाही, माती कशी आहे ते विचारलेलं नाही आणि हा माणूस कॅटलॉग उघडून बसतो. सागवानी, अक्रोडी, कॉफी, राखाडी. गट्टूवाला, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवणारा असला तर लाल, पिवळा, काळा. काय करू मी रंग घेऊन?

काम फार मोठं नाही. घरामागचा ओटा अंगणात आणखी दहा-बारा फूट पुढे न्यायचा आहे. संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता यावं, सासूबाईंना चिखलात न उतरता तुळशीपर्यंत जाता यावं, उन्हाळ्यात कुरड्या-पापड वाळत घालता यावेत, एवढंच. त्यासाठी लाकडी डेक, म्हणजे फ्रेमवर फळ्या ठोकलेला ओटा करायचा की गट्टू बसवायचे, एवढा साधा प्रश्न घेऊन मी बाजारात उतरले. आणि इतकी दुकानं, इतके ठेकेदार पालथे घातले तरी एक सरळ उत्तर मिळत नाही, याचा संताप संताप होतो आहे.

आमचं घर नागपुरात, बेसा भागात आहे. खाली काळी माती. ही माती म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला मी सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात तिला पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. कंपाउंडच्या भिंती हिच्यामुळे तडकतात, गेटची कडी पावसाळ्यात बसत नाही ती हिच्यामुळेच. आणि या मातीवर हे लोक दोन इंच दगडाची चुरी पसरून वर गट्टू मांडायला निघाले आहेत! कोटेशनमध्ये एकच ओळ, "लेव्हलिंगसह". लेव्हलिंग म्हणजे काय काय करणार, असं विचारलं तर म्हणे, "ताई, तुम्ही टेन्शन नका घेऊ, आम्ही करून राहिलो ना. साहेब घरी कधी असतात?"

साहेब कशाला पाहिजेत? पैसे माझे, अंगण माझं, प्रश्न मी विचारते आहे. उत्तर मला द्या.

काम कसं करायचं हे काही गुपित नाही. काळी माती फूट-दीड फूट खणून बाहेर काढायची. मुरूम आणायचा, तो एकदम न ओतता सहा-सहा इंचांचे थर टाकायचे, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस किंवा मशीनने ठोकायचं. वर बारीक गिट्टी आणि चुरीचा थर, त्यावर इंचभर रेती, मग गट्टू. कडेने पक्की कर्ब, म्हणजे काठाची सिमेंटची पट्टी, नाहीतर कडेचे गट्टू सरकतात आणि त्यांच्यामागे सगळे सैल होतात. दर दहा फुटांना दोन इंच उतार, तोही घरापासून बाहेर. बस्स. यातलं एकही वाक्य मला कोणत्याच कोटेशनमध्ये दिसलं नाही. माती काढून नेण्याचा खर्च विचारला की "तो वेगळा". मुरूम? "तोही वेगळा". मग तुम्ही स्क्वेअर फुटाचा भाव नेमका कशाचा सांगता?

डेकवाल्यांची तर आणखी तऱ्हा. एसी शोरूममध्ये डब्ल्यूपीसीची पाटी, म्हणजे फळी हातात देतात आणि सुरू होतात: वॉटरप्रूफ, वाळवीप्रूफ, मेंटेनन्स फ्री. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. वाळवीला ते लवकर दाद देत नाही, मान्य. पण ऊन? या शहरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ते तापमान सावलीतलं. गडद रंगाची पाटी नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांच्या उन्हात दुपारभर राहिली तर तव्यासारखी होते, तिच्यावर अनवाणी पाय टेकवता येत नाही. मी म्हटलं, ही पाटी अर्धा तास बाहेर उन्हात ठेवा, मी हात लावून पाहते. तर सेल्समन हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं? आमच्याकडे सत्तरी ओलांडलेली बाई अनवाणी तुळशीला पाणी घालते. तिचे पाय भाजले तर जबाबदार कोण?

शिवाय ही पाटी उष्णतेने लांब होते. आठ फुटांची पाटी डिसेंबरच्या थंडीपासून मेच्या उन्हापर्यंत काही मिलिमीटर वाढते, म्हणून टोकाला आणि दोन पाट्यांमध्ये फट सोडावीच लागते. ती सोडली नाही तर पाट्या कमानीसारख्या वर उचलल्या जातात. फट किती सोडणार, खालचे सपोर्ट किती अंतरावर देणार, फ्रेमच्या लोखंडी पाइपला प्राइमर मारणार की नाही, याची उत्तरं शोरूममध्ये नसतात. "ते फिटर पाहून घेईल." आणि डेकखालच्या पोकळीचं काय? पावसाचं पाणी तिथे साचणार, डास होणार, उंदीर शिरणार, उंदरांमागून साप येणार. आमच्या मागच्या बाजूला अजून मोकळे प्लॉट आहेत, साप इथे दरवर्षी निघतात. साफसफाईसाठी एखादी पाटी उचलता येईल का, एवढं विचारलं तर म्हणे आजवर कोणी असं विचारलं नाही.

खरं सांगते, मनातून मला लाकूडच हवं होतं. फरशी आणि गट्टू दिवसभर ऊन पितात आणि रात्री उशिरापर्यंत ते बाहेर टाकत बसतात. लाकूड दिवेलागणीनंतर लवकर निवतं. आणि सागवान तर आपल्या घरचं! अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना लाकूड गेलं ते बल्लारशाहचं. पण सागवान म्हणून दाखवतात काय, तर अर्धी पाटी पांढरी. सागाचा ताकदीचा भाग म्हणजे आतला गाभा, त्यातल्या तेलामुळे वाळवी त्याच्यापासून लांब राहते. बाहेरच्या पांढऱ्या भागाला ते संरक्षण नाही. भाव मात्र गाभ्याचा लावायचा आणि वर पॉलिश मारून पांढरं झाकायचं, हा सरळसरळ धंदेवाईक खोटेपणा आहे.

मग राहिले गट्टू. इथेही सगळ्यांचा जोर चमकणाऱ्या गट्टूंवर. रबरी साच्यातला गुळगुळीत गट्टू दिसायला छान, पण पावसात त्यावर शेवाळ धरलं की घसरलाच माणूस म्हणून समजा. पॉलिश केलेल्या कोटा फरशीचंही तेच. मला खरखरीत, मशीनवर दाबलेला हवा आहे. गट्टूंसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. नुसत्या पायी वापरासाठी एम-३० ग्रेडचा (ग्रेड म्हणजे काँक्रीटची ताकद) ५० मिलिमीटर जाडीचा, हलकी वाहनं येणार असतील तर एम-३५ चा ६० मिलिमीटर. ग्रेड कोणता, असं विचारल्यावर एकाने गट्टू जमिनीवर आपटून दाखवला आणि म्हणाला, "पहा, फुटला का?" हे उत्तर झालं?

सगळ्यात जास्त राग मला सांध्यांमध्ये सिमेंटचं पाणी ओतणाऱ्यांचा येतो. सांध्यात कोरडी बारीक रेती झाडून भरायची असते. त्यामुळे गट्टू थोडे हलू शकतात आणि थोडं तरी पाणी जमिनीत मुरतं. सिमेंट ओतलं की खालची माती हलल्याबरोबर तडे, आणि पाणी मुरणं बंद. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि लोकांच्या घरांत पाणी शिरलं, ते एवढ्यात विसरलो आपण? समोर सिमेंट रोड आधीच घरापेक्षा उंच झालेत. पाणी बाहेर जायला वाट नाही, आणि आपण अंगणही पक्कं सील करून टाकायचं? शेजाऱ्यांच्या ठेकेदाराने तर उतारच घराकडे दिला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाणी. आता तो फोन उचलत नाही.

मी आता ठरवलं आहे. गट्टूच, फिकट रंगाचा, खरखरीत, साठ मिलिमीटरचा. सांध्यात रेती, लिंबाच्या झाडाभोवती तीन फूट माती उघडी, वर उन्हाळ्यात हिरवी जाळी. पण काम त्यालाच मिळणार जो आधी पहार घेऊन येईल, माझ्यासमोर दीड फूट खड्डा खणेल आणि माती, मुरूम, गिट्टी, उतार सगळं कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळींत लिहून देईल. ॲडव्हान्सचा पुढचा हप्ता मुरमाचा थर माझ्या डोळ्यांदेखत ठोकून झाल्यावर. असा माणूस दिवाळीपर्यंत मिळाला नाही तर मिळाला नाही. तोवर मी चिखलात विटा टाकून चालेन, पण कॅटलॉग घेऊन आलेल्याला गेटच्या आत घेणार नाही.