डाय टेस्टचा निळा रंग काय सांगतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिल्याबद्दल आभार. फिलिंगच्या कडेने होणाऱ्या सूक्ष्मगळतीवरच्या (दात आणि फिलिंगमधल्या बारीक फटीतून आत झिरपण्यावरच्या) लेखात मी म्हटलं होतं की, डाय टेस्टमधल्या (भरलेला दात रंगात बुडवून गळती बघण्याच्या चाचणीतल्या) स्कोअरवरून फिलिंगचं मटेरियल निवडू नये. त्यावर तुमचा आक्षेप असा : जगभर वर्षानुवर्षं हीच चाचणी होते, तिच्यातून स्वच्छ आकडे मिळतात, तेव्हा तिच्यावर शंका घेणं ही विद्यार्थ्यांची दिशाभूल आहे. शिवाय ‘गळती झाली तरी चालते’ असा पेशंटचा समज होईल.

दुसऱ्या मुद्द्याचं आधी बोलतो. गळती गंभीर आहे, याबद्दल आपल्यात मतभेद नाहीत. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) लाइटखाली घट्ट होताना आकारमानात साधारण २ ते ३ टक्के आकसतं आणि कॅव्हिटीच्या (भरायच्या खड्ड्याच्या) भिंतीपासून सुटायला बघतं. गरम-गार लागलं की दात आणि फिलिंग सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. कॉम्पोझिटचं प्रसरण दाताच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जातं. या ओढाताणीत इनॅमलची (दाताच्या बाहेरच्या कठीण थराची) कड बरीच टिकते, पण हिरडीलगतची डेंटिनची (त्याखालच्या थराची) कड पहिल्यांदा दगा देते. आणि फटीतून जीवाणू आत गेले तर काय होतं, हे काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी १९६५ मध्ये दाखवलं. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा पल्प (दाताच्या आतला जिवंत गाभा) उघडा पाडला तरी तो भरून आला. साध्या उंदरांचा मेला. म्हणून माझा प्रश्न एवढाच असतो : जीवाणू आत जाऊन नुकसान करतात का? डाय टेस्ट या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

ती करतात कशी ते बघा. काढलेला दात भरायचा, मुळाचं टोक बंद करायचं, फिलिंगच्या कडेभोवतीचा मिलिमीटरभर भाग सोडून सगळीकडे नेलपॉलिश लावायचं, दात मिथिलीन ब्लूमध्ये बुडवून ठेवायचा, मग डायमंड डिस्कने उभा कापायचा. मायक्रोस्कोपखाली कडेपासून आत शिरलेली निळी रेघ दिसते. ती कुठपर्यंत पोचली त्यावरून ० ते ३ असा स्कोअर. आता तोच दात अर्धा मिलिमीटर सरकून कापा. रेघ कधी नाहीशी होते, कधी थेट कॅव्हिटीच्या तळापर्यंत गेलेली असते. एकाच कापावर स्कोअर दिला, तर आपण फिलिंग मोजलं की डिस्क कुठे टेकली ते मोजलं?

मिथिलीन ब्लूचा रेणू साधारण एक नॅनोमीटरचा असतो, जीवाणू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे पाचशेपट फरक. रंग जिथे पोचतो तिथे जीवाणू पोचेलच असं नाही. डेंटिन स्वतःही रंग शोषतं, त्यामुळे फट नसतानाही निळसर झाक येते. उलट कॅल्शियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कधर्मी पदार्थांशी संपर्क आला की मिथिलीन ब्लूचा रंग उडू शकतो आणि गळणारं फिलिंगही निर्दोष भासतं. जिवंत दातात पल्पच्या दाबामुळे द्रव सतत बाहेरच्या दिशेने येत असतो, काढलेल्या दातात तेही नाही.

‘स्वच्छ आकडे’ या शब्दांवर मला थांबावंसं वाटतं. स्कोअर २ म्हणजे स्कोअर १ च्या दुप्पट गळती नव्हे. ती नुसती क्रमवारी आहे. तरी कितीतरी लेखांत सरासरी १.४ विरुद्ध १.९ अशी तुलना होते आणि त्यावरून एक बाँडिंग एजंट (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव्य) सरस ठरतो. थर्मोसायकलिंगचंही (दात आळीपाळीने गार-गरम पाण्यात बुडवण्याचंही) तसंच. ५ आणि ५५ अंशांमध्ये ५०० फेऱ्या हा ठरून गेलेला आकडा आहे, पण गेल आणि डार्व्हेल यांच्या १९९९ च्या अंदाजाप्रमाणे १०,००० फेऱ्या म्हणजे तोंडातलं साधारण एक वर्ष. त्या हिशेबाने ५०० म्हणजे तीन आठवडेही नाहीत.

यावर खरा कौल अमाल्गमने दिलाय. ताजं अमाल्गम (पारा आणि चांदीच्या मिश्रणाचं जुन्या पद्धतीचं फिलिंग) डाय टेस्टमध्ये चांगलंच गळतं. तोंडात मात्र काही महिन्यांत क्षरणातून तयार होणारी संयुगं ती फट बुजवतात आणि ते भरणं वर्षानुवर्षं टिकतं. फक्त निळ्या रेघेवर विसंबलो असतो, तर ते कधीच बाद झालं असतं.

पेशंटसाठी याचा अर्थ असा : कडेला तपकिरी रेघ दिसली म्हणून भरलेली दाढ लगेच उकरू नका. दरवेळी नवं भरताना चांगला दातही थोडा जातो. कड मऊ झाली आहे का, स्पष्ट फट किंवा खड्डा आहे का, बाइटविंग एक्स-रेमध्ये (वरच्या-खालच्या दाढा एकत्र दाखवणाऱ्या) फिलिंगखाली काळं दिसतं का, हे आधी बघायचं.

तुम्ही शेवटी विचारलंय की, प्रबंधासाठी मग काय करायचं. डाय टेस्ट करा, पण प्रत्येक दाताचे तीन-चार काप घ्या. दोन निरीक्षकांना कुठला दात कुठल्या गटातला हे कळू न देता स्कोअर द्यायला लावा, त्यांची एकवाक्यता मोजा. सरासरी काढू नका, क्रमवारीला चालणारी चाचणी वापरा. सोय असेल तर दात कापण्याआधी सिल्व्हर नायट्रेट (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य) फटीत शिरू देऊन मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म सीटी स्कॅन) करा. त्यात पूर्ण कड तिन्ही मितींत दिसते. निष्कर्षात ‘या मटेरियलमध्ये रंग कमी शिरला’ एवढंच लिहा. ‘हे फिलिंग जास्त टिकेल’ हे वाक्य लिहायला पेशंटची काही वर्षांची तपासणी हातात लागते.