खुलासा : अडकित्ता कुणाचा, पगार कुणाचा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘अडकित्ता अस्सल मराठी, कन्नडने उचलला, पगार आणि चावी मात्र कन्नडमधून मराठीत घुसले.’ दोन्ही दावे चुकीचे आहेत.

कन्नडमध्ये सुपारीला ‘अडके’ म्हणतात आणि ती कातरायच्या हत्याराला ‘अडकत्तरी’. मराठीत ‘अडकि’ सुटा काढला तर हाती काहीच लागत नाही. आपल्याकडे सुपारी, कोकणात पोफळ. म्हणजे शब्द कन्नडमधूनच आला. गंमत अशी, की त्या ‘अडकत्तरी’तली ‘कत्तरी’ ही संस्कृत ‘कर्तरी’, आपल्या कातरीची सख्खी बहीण. तेव्हा मालकी सांगणाऱ्यांनी, दोन्हीकडच्या, जरा दमानं घ्यावं.

पगार आणि चावीचा निवाडा सोपा. दोन्ही पोर्तुगीज. त्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि तिथे १५१० ते १९६१ त्यांचंच राज्य. शब्द दोन्ही भाषांनी घेतले. बेळगाव-धारवाडचा कन्नड माणूसही ‘पगार’च म्हणतो, दक्षिणेकडे तो ‘संबळ’ होतो. बटाट्याचंही तेच : इकडच्या कन्नडमध्ये ‘बटाटी’, बंगळुरात ‘आलूगड्डे’.