‘मोबाइल लावून फिरणारे हौशी’ या कमेंटला उत्तर

दादा, बाइकवर रस्ता बघायला वेगळं डिव्हाइस नको, जुना मोबाइल पुरतो, या माझ्या पोस्टवर एवढी मोठी कमेंट लिहिलीत म्हणजे ती शेवटपर्यंत वाचलीत, त्याबद्दल आधी थँक्स. बाकीच्यांसाठी दादांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी नवीन पोरांना चुकीच्या नादाला लावतोय, दोन-अडीच लाखाची बाइक घ्यायची आणि हँडलला मनीष मार्केटमधला होल्डर लावून त्यात मोबाइल अडकवायचा हा निव्वळ कंजूषपणा आहे, बुलेटच्या थरथरीने कॅमेरा मरतो, पावसात टच चालत नाही, घाटात नेटवर्क जातं, पोलीस पावती फाडतात, आणि सीरियस रायडरने सरळ गार्मिन कंपनीसारखं फक्त रस्ता दाखवणारं वेगळं जीपीएस डिव्हाइस घ्यावं. शेवटी ‘लोणावळ्याला ब्रेकफास्ट राइड करणाऱ्यांना हे कळणार नाही’ असा एक टोलाही मारलाय. टोला मान्य, मिसळ खायला शंभर किलोमीटर जाणाऱ्यांतलाच मी आहे.

पोलिसांचं लगेच संपवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ ऑक्टोबर २०२० पासून ते लागू झालेत, गाडी चालवताना मोबाइल फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. हातात धरून चालवलात तर पावती होणारच आणि व्हायलाच पाहिजे.

कॅमेऱ्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि हे मी मूळ पोस्टमध्येही लिहिलंय. अ‍ॅपलने स्वतः सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलंय की मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलची कंपनं हँडलमधून फोनला गेली तर कॅमेऱ्यातलं ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आणि ऑटोफोकस बिघडू शकतं, मोठ्या बाइकवर फोन लावूच नका आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच असेल तर निदान डॅम्परवाला, म्हणजे थरथर शोषून घेणारा होल्डर लावा. कारण साधं आहे, फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स हलती ठेवलेली असते आणि आपण तिला सिंगल सिलिंडरच्या ठोक्यावर तासन्‌तास नाचवतो. पण म्हणूनच मी म्हणतो ना की तुमचा रोजचा फोन लावूच नका! घरात ड्रॉवरमध्ये एक जुना अँड्रॉइड पडलेला असतोच, तो लावा, रोजच्या फोनवरून हॉटस्पॉट द्या आणि रोजचा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. जुन्याचा कॅमेरा गेला तर गेला, त्याने आता कुणाच्या लग्नाचे फोटो काढायचेत? ‘बॅटरी संपली तर इमर्जन्सीला फोन कुठून करणार’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, आणि सिग्नलला कुणी हिसकावून पळाला तरी बँकेचं अ‍ॅप त्यात नसतं.

आता पाऊस. इथे तुमचं डिव्हाइस जिंकतं, वाद नाही. काचेवरचं पाणी आणि बोट यांत मोबाइलच्या टचला फारसा फरक कळत नाही, दोन थेंब दोन बाजूंना ओघळले की त्याला वाटतं तुम्ही चिमटीने झूम करताय, मग तुम्ही मुरबाडच्या पुढे कुठेतरी ट्रकच्या मागे असता, खाली बघता आणि स्क्रीनवर अख्खा महाराष्ट्र दिसत असतो. पुसावं तर ग्लोव्हजही ओले. प्लास्टिकच्या पाउचमध्ये टाकला तर आतून वाफ धरते, चार्जिंगच्या पोर्टला ओल लागली की फोन चार्ज व्हायलाच नकार देतो. गार्मिनच्या झूमोसारखं डिव्हाइस आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असं असतं, ग्लोव्हजने चालतं, चार्जिंगसुद्धा ते ज्यात बसवतात त्या क्रेडलच्या पिनांवरून होतं. म्हणून जून ते सप्टेंबर मी स्क्रीन बघायचा हट्टच सोडून देतो, नेव्हिगेशन सुरू करायचं, स्क्रीन लॉक करायची, फोन झिपलॉक पिशवीत घालून खिशात आणि हेल्मेटमधल्या स्पीकरवर ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ ऐकत जायचं. खड्डे चुकवताना तसंही खाली बघायची सोय नसते.

उन्हाचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण मला विचाराल तर पावसापेक्षा तोच वाईट. आयफोनला ३५ डिग्रीपर्यंतची हवा चालते असं कंपनीच सांगते, मे महिन्यात सायनच्या सिग्नलला उन्हात उभे राहा, ब्राइटनेस फुल, चार्जर चालू, जाड कव्हर, मग नेमका रस्ता बघायच्या वेळेला स्क्रीन काळवंडते. कव्हर काढा आणि चार्जिंग सतत लावून ठेवू नका, बराच फरक पडतो.

‘घाटात नेटवर्क गेलं की मोबाइल आंधळा’ हे मात्र पटत नाही. जीपीएसला नेटवर्क लागतच नाही, फोनही सॅटेलाइटकडून नुसतं ऐकतो, तुमचं डिव्हाइसही तेच करतं. नेटवर्कवरून येतो तो नकाशा आणि ट्रॅफिक, नकाशा आधीच डाउनलोड केलेला असेल तर माळशेजच्या ढगातही तुमचा ठिपका बरोबर सरकत राहतो. एक गोष्ट लक्षात ठेवायची, सॅटेलाइटचा डेटा फार हळू येतो, सेकंदाला ५० बिट, स्वतःचा ठावठिकाणा सांगायलाच प्रत्येक सॅटेलाइट अर्धा मिनिट घेतो, आणि सगळ्या सॅटेलाइटची ढोबळ यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. फोन हे सगळं नेटवर्कवरून झटकन उचलतो, पण घाटात ते नसतं. म्हणून लोकेशन घाटात पोचून चालू करायचं नाही, कल्याण-मुरबाडलाच चालू करून निघायचं. ऑफलाइनला मी ऑस्मअँड हे नकाशाचं अ‍ॅप वापरतो, त्यात जीपीएक्स ट्रॅक (आधी आखलेल्या रस्त्याची फाइल) टाकला की ठरवलेल्या रस्त्यानेच नेतो, गूगलसारखं मधेच ‘फास्टर रूट’ म्हणून हायवेला ढकलत नाही. गूगलचे ऑफलाइन नकाशे अपडेट केले नाहीत तर एक्सपायर होतात, निघायच्या आदल्या रात्री बघून घ्या.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तुमच्या कमेंटमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. डिव्हाइस कितीही मजबूत असू दे, आत नकाशा कुठला आणि किती ताजा? आपल्या मुंबईत बाइकवाल्याला अडचण रस्ता सापडण्याची नसते, आज कुठला रस्ता चालू आणि त्यावर आपल्याला सोडतात का, ही असते. सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, जेजे फ्लायओव्हर बंद, पुण्याला जाताना एक्सप्रेसवे बंद, हे सगळं दुचाकीला. गूगलने भारतात टू व्हीलर मोड २०१७ च्या डिसेंबरमध्ये आणला, तरीही मोड कारवर राहिला असेल तर मॅप तुम्हाला निवांत शिवडीला अटल सेतूच्या तोंडाशी नेऊन सोडेल, मॅप काहीही म्हणो, बोर्ड वाचायचा. आणि पूल! अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, सायनचा ऑगस्ट २०२४ मध्ये. असा एक पूल बंद झाला की आजूबाजूच्या गल्ल्यांची सकाळची गणितं बदलतात, हे फोनवर लगेच कळतं कारण त्याच गल्लीत अडकलेल्या हजार लोकांचे फोन ते सांगत असतात. डिव्हाइसला लाइव्ह ट्रॅफिक हवं असेल तर त्यालाही ब्लूटूथने फोनच जोडायचा, मग फोन सुटला कुठे?

पत्त्यांचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘शाळेच्या मागे, गणपती मंदिराची गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर’, हा कुठल्या डिव्हाइसमध्ये टाइप करणार? लोक व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाकतात, बोट लावलं की निघालो.

तुम्ही विचारलंत, लडाखला जाताना मोबाइलच्या भरवशावर जाल का. जाईन, जीपीएक्स ट्रॅक दोन्ही फोनमध्ये टाकून, आणि पेट्रोलच्या टाकीवरच्या बॅगच्या खिशात गावांची नावं आणि मधलं अंतर लिहिलेला कागद ठेवून. पण एखादा वर्षातून महिना-दोन महिने खडीच्या रस्त्यांवरच असतो, रोज आठ तास, त्याने तुमचं ऐकावं आणि डिव्हाइस घ्यावं, मी त्याला अडवणार नाही. ठाणे ते बीकेसी रोज आणि महिन्यातून एखादा कोकण असं ज्याचं आहे, त्याने ते पैसे चांगल्या टायरमध्ये आणि रेनसूटमध्ये घालावेत असं माझं अजूनही म्हणणं आहे.

बाकी तुमच्याकडे डिव्हाइस आहेच तर एक काम करा, फोन न जोडता परळहून प्रभादेवी टाकून बघा. सप्टेंबर २०२५ पासून बंद असलेल्या एल्फिन्स्टनच्या पुलावरून नेतोय की नाही, तेवढं खाली कमेंटमध्ये टाका.