हसा, पण स्वेटर कपाटातून काढून ठेवा

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे जा.

सकाळी फॅमिली ग्रुपवर मी एवढंच टाकलं की वारे उत्तरेचे झालेत, उद्या-परवा सांताक्रूझच्या वेधशाळेचा पारा १५ अंशांच्या खाली जाऊ शकतो, लहान मुलांना शाळेत पाठवताना कान झाका. बस्स. तर आमचे पुणेकर भावजी लगेच हजर. "१५ ला थंडी म्हणतात होय? आमच्याकडे शिवाजीनगरला ९ आहे, आम्ही फॅन लावून झोपलो." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि कुणीतरी वर, "ही म्हणतेय म्हणजे एसीची सर्व्हिसिंग करून घ्या."

आता भावजींना कोण सांगणार की थंडीच्या लाटेचा हवामान खात्याचा नियमच समुद्रकाठासाठी वेगळा आहे. मैदानी भागात किमान तापमान १० च्या खाली यावं लागतं, किनाऱ्यावर १५ पुरतं, फक्त सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरायला हवं. म्हणजे खात्यालाही कळतं की मुंबईकराचं १५ आणि पुणेकराचं १५ एक नाही. भावजींना कळत नाही. आणि याच सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ नोंदलंय, तेव्हा कुणी फॅन लावून झोपलं होतं का ते विचारा जरा.

आम्हा हवामानवेड्यांचा हिवाळा कसा असतो हे बाकीच्यांना माहीतच नाही. तिकडे गुलमर्ग-मनालीला बर्फ पडला की इकडे आमची चुळबुळ सुरू. कारण तो बर्फ पाडणारा वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारा ढग-पावसाचा पट्टा, पुढे सरकला की मागे आभाळ स्वच्छ होतं आणि गार वारे राजस्थान, गुजरात करत खाली यायला लागतात, आपल्यापर्यंत पोचतील का वाटेतच ढेपाळतील याच्यावर रात्र रात्र चर्चा. दुपारचा समुद्रावरचा वारा लवकर आला तर सगळं मुसळ केरात. रात्री ढग आले तरी तेच. बदलापूर-कर्जतवाले आपापल्या गच्चीवरच्या यंत्राचे आकडे टाकून आम्हाला जळवतात. महाबळेश्वरहून वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, जीपच्या टपावरचा तो पांढरा थर नखाने खरवडून दाखवतात लोक, आणि मी गोरेगावात बसून ते झूम करकरून बघते. आमचा बर्फ तेवढाच. तेवढ्याची वाट बघितली तर काय बिघडलं कुणाचं?

हसण्यावरून आठवलं, माझ्या मामाचं रिसेप्शन प्रकरण बऱ्याच जणांना माहितीय, तरी परत सांगते. डिसेंबर २०१७, मामेबहिणीचं रिसेप्शन, मुलुंडला उघड्या लॉनवर, सोमवारी संध्याकाळी. तेव्हा ओखी चक्रीवादळ केरळकडून अरबी समुद्रात वर सरकत होतं. मी मामाला आधीपासून सांगत होते की बाबा रे, निदान जेवणाच्या बाजूला ताडपत्री टाकून घे. मामा म्हणाला, "गप गं, डिसेंबरात कुठला पाऊस, आणि गुरुजींनी मुहूर्त काय उगीच काढलाय?" सगळे हसले. हेच भावजी तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा हसले होते, फोटोत दिसतायत.

हो, अंदाज चुकतात. मान्य. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळाच्या वेळी दुपारीच ऑफिसं सोडली आणि मुंबईत विशेष काही झालं नाही, त्याच्यावर लोकांनी महिनाभर जोक मारले. पण त्याच फयानने खाली कोकणात बोटी बुडवल्या, त्या घरांमधून जोक नाही आले. आपल्या गल्लीत पडलं नाही म्हणजे पडलंच नाही असं समजणाऱ्यांशी काय वाद घालायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांत बसलेल्यांना संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता की कुर्ला-कलिना पाण्याखाली गेलंय. तेव्हा आपल्याकडे डॉपलर रडार, म्हणजे पावसाचे ढग कुठे सरकतायत ते दाखवणारं यंत्र, पण नव्हतं. ते कुलाब्याला नंतर आलं आणि दुसरं उपनगरात वेरावलीला २०२२ मध्ये. आता फोनवर ढग सरकताना दिसतात, आणि लोक ते न बघता माझ्यावर हसतात.

तर मामाकडे परत. साडेआठच्या सुमाराला वारा बदलला, स्टेजमागचा थर्माकोलचा गणपती हलायला लागला. मी मामाकडे बघितलं, मामाने तोंड फिरवलं. आणि मग आला. मोठा नाही हो, बारीकच, पण चिकट, थांबायचं नाव नाही. जिलबीच्या कढईत थेंब पडून तेल उडायला लागलं तसा आचारी पळाला, पुलावाच्या भांड्यावर वेटरने दोन खुर्च्या उपड्या टाकल्या, आणि नवरी शालू वर धरून मंगल कार्यालयाच्या जिन्यात. दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या शाळांना सुट्टी दिली होती. डिसेंबरात. पावसामुळे.

हे सांगताना मला मजा येते, नाही असं नाही. पण खरं सांगू का, ते आठवलं की लगेच शिवाजी पार्क पण आठवतं. ६ डिसेंबरसाठी कुठून कुठून माणसं आली होती, बायाबापड्या, कडेवर पोरं, आणि मैदानात चिखल. त्यांना शाळांमधून हलवावं लागलं. मामाचा पुलाव गेला, बाकी काय गेलं त्याचं? आणि १३ मे २०२४ चं ते पिवळं आभाळ. मी बाल्कनीत उभी राहून व्हिडिओ काढत होते, धुळीची भिंत येताना काय जबरदस्त दिसते म्हणून ग्रुपवर टाकला पण. त्याच वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे, नंतर कुणाला दाखवलेला नाही.

असो. थंडीत हवा पण खराब होते, वारा पडला की धूर इथेच बसतो, आणि फूटपाथवर झोपणाऱ्याला १४ काय नि १५ काय, सुख कसलं त्यात. कळतं मला. पण म्हणूनच तर म्हणतेय ना की आकड्याकडे बघा. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, उत्तर प्रदेशातला माणूस, म्हणजे त्याने खरी थंडी बघितलेली, तो काल पहाटे पुठ्ठे पेटवून बसला होता, मफलर नाकापर्यंत. मी विचारलं, काय हो, थंडी वाजतेय? म्हणाला, मॅडम, यहाँ की आदत लग गयी है. भावजी, वाचताय ना? सवय!

आणि तो मामा, जो तेव्हा गप गं म्हणाला होता, त्याने आज ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. मला वेगळा मेसेज केलाय. रविवारी गच्चीवर नातवाचं बारसं ठेवलंय, मांडव घालू का नको. मी सांगितलं, पाऊस नाही, पण कार्यक्रम सकाळी ठेवू नकोस, बाळाला गारठा लागेल. लगेच अकराची वेळ दुपारी चारची केली.

तर उद्या पहाटे मी गच्चीवर असणार, ज्याला हसायचं त्याने हसावं. किमान तापमानाचा आकडा सकाळी साडेआठच्या नोंदीनंतर येतो, त्याच्या आधी कुणीही स्क्रीनशॉट टाकून भांडू नये. बोरिवली, आरे, पवई, मुलुंडवाल्यांनी आपापले आकडे कमेंटमध्ये टाका, यंत्र सावलीत आणि भिंतीपासून लांब ठेवा, एसीच्या आउटडोअरशेजारी ठेवून मग २२ दाखवतंय म्हणून रडू नका. कुलाबावाल्यांनी उगाच उठायचा त्रास घेऊ नये, तुमच्या तीन बाजूंना समुद्र आहे, तुम्ही झोपा.