हार कुणाला, पेढा कुणाला

माझं अक्षर चांगलं आहे ही गोष्ट हल्ली मी कुणाला सांगत नाही. लग्न होऊन अंत्रुज महालात, म्हणजे गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आले तेव्हा सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने मी लिहिलेलं सत्यनारायणाचं आमंत्रण शेजारच्या काकांना दाखवलं, काका निघाले गावच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष, आणि मंडळाचा फळा माझ्या गळ्यात पडला तो पडलाच. फळा बस स्टॉपच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली. त्यावर रोज सकाळी पहिल्या बसच्या आधी दिनविशेष लिहायचा. कुठला गवई कधी जन्मला, कुठली गायिका कधी गेली. ऐकायला किती सोपं!

काकांचे नियम ठरलेले. जयंती असेल तर गुलाबी-पिवळा खडू, वर तोरण काढायचं, आणि संध्याकाळी हॉलवर पेढे नाहीतर भजी-पाव. पुण्यतिथी असेल तर फक्त पांढरा खडू, कोपऱ्यात समई, आणि संध्याकाळी नुसता चहा, तोही मान खाली घालून प्यायचा. नियम करताना एवढंच कुणाच्या लक्षात आलं नाही की वर्षाचे दिवस ३६५, फार तर ३६६, आणि गाणारी-वाजवणारी माणसं देवाने मोप दिलीत, गोव्याला तर जरा हात सैल सोडूनच दिलीत, तेव्हा एकाचा पाळणा हलला त्याच तारखेला दुसऱ्याचा तंबोरा खाली ठेवला गेला, हे होणारच.

१५ जुलै घ्या. १९०४ साली या दिवशी मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या आणि १९६७ साली याच दिवशी बालगंधर्व गेले. आमचं अर्धं मंडळ नाट्यसंगीतवालं, त्यांच्यासमोर बालगंधर्वांचं नाव नुसतं घेतलं तरी कानाच्या पाळीला हात जातो. उरलेलं अर्धं जयपूर घराण्याचं, म्हणजे मोगूबाई आपल्या घरच्याच. सकाळी साडेसहाला मी छत्री मानेत अडकवून फळ्यापुढे उभी, पाऊस आडवा येतोय, खडू सादळून इतका मऊ झालाय की 'मो' काढेपर्यंत अर्धा संपला आणि गुलाबी रंग पाझरून थेट खालच्या समईत गेला. समई गुलाबी. तेवढ्यात एक बाई मासळीची पाटी घेऊन स्टॉपवर टेकली, तिने एकदा तोरणाकडे बघितलं, एकदा समईकडे बघितलं आणि विचारलं, "बाय, आज हांसपाचें काय रडपाचें?"

याचं उत्तर मंडळाच्या घटनेत नाही.

संध्याकाळी हॉलवर आणखी मजा. कपाटातून तसबिरी काढल्या तर जुलैची बुरशी काचेच्या आतून चढलेली, आणि दोन्ही तसबिरींना चंदनी हार, कारण आमच्याकडे हार एकदा घातला की काढायची पद्धत नाही (एका चांगल्या हयात गायकाच्या फोटोलाही तो आहे, ते बिचारे पाहुणे म्हणून येणार असले की आधी धावपळ करून काढावा लागतो). पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि सगळे गप्प. बालगंधर्वांसमोर आज गोड कसं खायचं? शेवटी आमच्या पेटीवाल्यांनी तोडगा काढला, बालगंधर्वांच्या तसबिरीकडे पाठ करून पेढा खाल्ला, मग वळून हात जोडले. त्यांच्यामागे रांग लागली. पेढा, वळा, नमस्कार. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की काहीतरी कवायत चाललीय.

पुढच्या वर्षी काकांनी जाहीर केलं की भांडणच नको, पुण्यतिथी हॉलवर आणि जयंती थेट मोगूबाईंच्या गावी, कुर्डीला जाऊन. टाळ्या पडल्या. मिनी बसची चौकशी झाली, कोण कुठली चीज म्हणणार तेही ठरलं. आता कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात देऊळ आणि घरांची जोती वर येतात, माणसं जाऊन पाया पडून येतात. पण जयंती पडते जुलैत, तेव्हा वर नुसतं पाणी. ही गोष्ट सगळ्या सभेत फक्त खजिनदारांना आठवली, आणि तीही का, तर मिनी बसचा ॲडव्हान्स द्यायची वेळ आली म्हणून. "होडी सांगू काय?" एवढंच ते म्हणाले.

मंडळात एक मास्तर आहेत. गणित शिकवून रिटायर झालेले, तबला बरा वाजवतात, खिशात कायम एक वही. त्यांचं म्हणणं, यात दैवी वगैरे काही नाही, कुठलीही २३ माणसं एका खोलीत बसवा, त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि आपण तर शेकडो कलाकारांच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या, दोन्ही तारखा धरतो, तेव्हा टक्कर झाली नाही तरच नवल. आम्ही मान डोलावली. पण मास्तरांनी वहीत कलाकारांच्या नावासमोर कलाकार लिहायला सुरुवात केली आणि तिथून आमची झोप उडाली, कारण तोवर ज्या तारखा सुखाने नांदत होत्या त्यांच्यातही त्यांनी काड्या शोधल्या. १२ जानेवारीला सी. रामचंद्र जन्मले आणि कुमार गंधर्व गेले. ८ जानेवारीला आपले म्हापशाचे रामदास कामत गेले २०२२ साली, आणि एल्विस प्रेस्ली जन्मला १९३५ साली. यात एल्विसला आम्ही कशाला बोलावला होता? पण मास्तर म्हणतात, संगीताला सीमा नसते. फळ्याला असते की! चार बाय तीन.

१३ ऑक्टोबरचं तर कुणी बोलूच नये. १९८७ साली किशोरकुमार गेला तो अशोककुमारच्या वाढदिवशी. सख्ख्या थोरल्या भावाच्या. कराओकेवाली पोरं म्हणाली, दादामुनी गायक थोडेच, त्यांना फळ्यावर कशाला घ्यायचं. त्यावर काका खवळले, बॉम्बे टॉकीजच्या काळात स्वतःची गाणी स्वतः म्हणायचे ते, तुमच्यासारखी मागे ट्रॅक लावून नव्हे! शेवटी त्या दिवशी मी सगळंच पांढऱ्या खडूने लिहिलं आणि कुणी काही बोललं नाही.

पण मास्तरांच्या वहीतलं एक पान मात्र मला मनापासून आवडतं. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. त्याच तारखेला, १९१६ साली, मदुराईला एम. एस. सुब्बुलक्ष्मी जन्मल्या. एम. एस. गेल्या ११ डिसेंबर २००४ ला, आणि ११ डिसेंबरलाच, १९९८ साली, कवी प्रदीप गेले. प्रदीप जन्मले ६ फेब्रुवारी १९१५ ला, तिकडे उज्जैनजवळच्या बडनगरला, आणि ६ फेब्रुवारीलाच, २०२२ साली, लताबाई गेल्या, ज्यांनी प्रदीपांचं 'ऐ मेरे वतन के लोगो' घरोघरी पोचवलं. आणि लताबाईंचं मूळ कुठलं? मंगेशी. म्हणजे केरीहून निघालात की मदुराई, बडनगर करत पुन्हा मंगेशीला! स्कूटरवरून जाऊन यायचं अंतर, पण कॅलेंडरने केवढा वळसा घातला बघा. मास्तरांनी हे सभेत वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदाच हॉलमध्ये कुणी कुणाशी भांडलं नाही, साधारण एक कप चहा पिऊन होईपर्यंत.

मग भांडण सुरू झालं. १६ सप्टेंबरला केसरबाईंची पुण्यतिथी, म्हणजे पांढरा खडू. पण आमच्यातले एक गृहस्थ नोकरीच्या निमित्ताने चेन्नईला राहून आलेले, रोज पहाटे एम. एस. चं सुप्रभातम लावून अख्ख्या वाड्याला उठवतात, त्यांना तोरण पाहिजे. केरीच्या बाजूचे म्हणाले, आमच्या बाईचा दिवस आहे, तोरण चालणार नाही. त्यावर चेन्नईकरांनी जो मुद्दा काढला त्याला तोड नाही. म्हणाले, केसरबाईंचं 'जात कहाँ हो' नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीवर आहे, यानं उडाली ऑगस्ट-सप्टेंबर १९७७ मध्ये, म्हणजे बाई जायच्या थोडेच दिवस आधी आवाज पुढे निघाला, आणि तो अजून चाललाच आहे, सूर्यमालेच्या वेशीबाहेर, तर मग समई कुणापुढे लावता? केरीवाल्यांना हे ऐकून अभिमानही वाटला आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते सगळे बसून राहिले.

६ फेब्रुवारीची तऱ्हा वेगळी. लताबाईंची समई, प्रदीपांचं तोरण, इथवर ठीक. पण किनाऱ्यावर शॅकमध्ये काम करणारा आमचा एक पोरगा आहे, ढोलक छान वाजवतो, तो सकाळी सकाळी येऊन उभा, "काकी, बॉब मार्लीचाही आज हॅपी बड्डे." १९४५ चा. आहे खरा, मास्तरांनी वही बघून सही केली. त्याला लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन खडू पाहिजेत, तेही लताबाईंच्या समईशेजारी. मी म्हटलं, बाबा रे, अध्यक्षांना विचार. तो म्हणाला, त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय.

आणि तारखा कमी पडल्या म्हणून की काय, तिथीवालेही आहेत. संगीतशास्त्री भातखंड्यांचा जन्म गोकुळाष्टमीचा, गेले ते १९३६ च्या गणेश चतुर्थीला. तिथीनेच पुण्यतिथी करा म्हणणारे म्हणतात, करा. अहो, चवथीच्या दिवशी गोव्यात माणूस मिळतो का कार्यक्रमाला? गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून भातखंड्यांसाठी हॉलवर येणार कोण? स्वतः भातखंडेही आले नसते. १९ सप्टेंबर ही तारीख धरली, विषय संपला. तारीख धरली तरी सुटका असतेच असं नाही म्हणा. रविशंकर गेले ११ डिसेंबर २०१२ ला, पण अमेरिकेत, सॅन दिएगोला, दुपारी. तिकडे ११ ची दुपार म्हणजे आपल्याकडे १२ ची सकाळ. मग फळ्यावर कधी लिहायचं? एका मेंबराचा मुलगा तिकडेच आहे, त्याला रात्री फोन करून उठवून विचारलं. तो काय म्हणाला ते मेंबरांनी सभेत सांगितलं नाही.

खजिनदारांना या सगळ्यात कलेपेक्षा हाराची काळजी. माझा भाचा हॉटेलात सॅक्सोफोन वाजवतो, त्याने एकदा सहज सांगितलं की सिडनी बेशे नावाचा एक जॅझवाला होता, १४ मे १८९७ ला जन्मला आणि १४ मे १९५९ ला गेला. जन्म-मृत्यू एकाच तारखेला. शिवाय मर्ल हॅगर्ड म्हणून अमेरिकेतलाच एक कंट्रीवाला, ६ एप्रिल १९३७ ते ६ एप्रिल २०१६. खजिनदार खुर्चीतून उठलेच. "म्हणजे एका हारात दोन्ही कामं?" त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी त्यांना भीमसेन जोशी ऐकतानाही बघितलेलं नाही. "आपल्याकडच्या लोकांना ही शिस्त कधी येणार?" म्हणाले. बेशेचं वाजवणं त्यांनी आजतागायत ऐकलेलं नाही, पण १४ मे त्यांनी बजेटमध्ये आदर्श म्हणून लिहून ठेवलाय.

१८ जानेवारी त्यातल्या त्यात शांत जातो. सैगल गेले १९४७ ला, आणि आपले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, ते २०१२ ला. दोघंही गेलेलेच, दोन समया, एक चहा. असे दिवस मला फार प्रिय आहेत. घरी बोलले तर सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यानंतर बोलत नाही.

आता ताजं प्रकरण अध्यक्षकाकांचंच. काकांना पंचाहत्तरी लागायची आहे, मंडळाने अमृतमहोत्सव करायचा ठरवला, मुख्य पाहुणे, मानपत्र, शाल, सगळं. जन्मतारीख विचारली तर काका एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. २४ एप्रिल. मास्टर दीनानाथांची पुण्यतिथी! १९४२ ची. अख्ख्या गोव्यात त्या दिवशी दीनानाथांचं नाव निघतं आणि आमच्या मंडळात भजी तळली तर काय म्हणतील लोक? तेव्हा कळलं की हा माणूस इतकी वर्षं स्वतःच्या वाढदिवशी मान खाली घालून नुसता चहा पितोय, नियम स्वतःच केलेला, बोलणार कुणाला!

तिथीवाले लगेच पुढे सरसावले. जुनं पंचांग आणलं, चष्मे लावले, बोट फिरवलं. निघाली अमावास्या.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकांनीच घसा साफ केला आणि म्हणाले, "मग असं करूया, एक दिवस पुढे ढकलूया. पंचवीसला." मास्तरांनी खिशातून वही काढली.

"वही आत ठेव," काका म्हणाले.