घराला दार, गडाला दरवाजा

इ.स. १६ मध्ये वेझर नदीच्या दोन काठांवर उभे राहून दोन सख्खे भाऊ भांडले. एका काठावर आर्मिनियस. सात वर्षांपूर्वी त्यानेच रोमच्या तीन पलटणी जंगलात गाठून कापून काढल्या होत्या. समोरच्या काठावर त्याचा भाऊ फ्लावुस. हा रोमन सैन्यातच राहिला होता, रोमसाठी लढताना त्याचा एक डोळा गेला होता. फ्लावुस आपला वाढलेला पगार आणि मिळालेले मानाचे अलंकार मोजून दाखवत होता. आर्मिनियस त्याला मातृभूमीची, कुळातल्या देवांची, घरी वाट पाहणाऱ्या आईची आठवण देत होता. शेवटी फ्लावुसने घोडा आणि शस्त्रं मागितली, एका रोमन अधिकाऱ्यानं त्याला धरून ठेवलं म्हणून नदीतच हातघाई झाली नाही. हे सगळं टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे, आणि जाता जाता एक बारीक गोष्ट नोंदवली आहे: आर्मिनियसच्या बोलण्यात लॅटिन शब्दांची मोठी भेसळ होती. कारण तोही कधीकाळी रोमन छावणीत आपल्या लोकांच्या तुकडीचा नायक होता.

रोमला शिव्या द्यायला त्याच्या तोंडी रोमचीच भाषा येत होती. मला ही गोष्ट गेले दोन महिने सोडत नाही, कारण आमच्या घरातही सध्या असंच भांडण चालू आहे, फक्त मध्ये नदीऐवजी समुद्र आहे.

निमित्त भाच्याच्या लग्नाच्या पत्रिकेचं. नाशिकच्या माझ्या मामेभावानं, म्हणजे दादानं, कुटुंबाच्या ग्रुपवर मसुदा टाकला आणि खाली लिहिलं की यात एकही फारसी शब्द ठेवलेला नाही, आणि यापुढे घरात बोलतानाही आपण तसंच वागू या; साडेतीनशे वर्षं उलटून गेली, आता ही गुलामी जबरदस्तीनं का होईना हद्दपार करायला हवी. त्यावर अमेरिकेतल्या दुसऱ्या भावानं लिहिलं की साम्राज्यं आली म्हणूनच जग पुढे गेलं, रोमननी युरोपला रस्ते दिले, इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, उपकार मानायला काय हरकत आहे? मग शहरांची नावं बदलणं, खुलताबादची कबर, शाळेतला इतिहास, सगळं एकामागून एक आलं. मी जर्मनीत कोलोनला असते, चौदा वर्षं झाली. दोघांनीही मला विचारलं, तू रोमनांच्या गावात राहतेस, तूच सांग. ग्रुपवर चार ओळींत सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसले.

कोलोन या नावाचाच अर्थ ‘वसाहत’. इ.स. ५० मध्ये सम्राट क्लॉडियसनं आपली बायको अग्रिपीना हिच्या जन्मगावाला रोमन वसाहतीचा दर्जा दिला, तेव्हा पडलेल्या लांबलचक नावातला हा उरलेला तुकडा. खरेदीच्या गर्दीनं भरलेला इथला मुख्य रस्ता, होए श्ट्रासं, रोमनांनी आखलेल्या उत्तर-दक्षिण रस्त्यावरच आहे. माझ्या रोजच्या वाटेवर रोमन तटाचा एक बुरूज लागतो. रंगीत दगड लावून त्यावर वर्तुळं, चौकटी, देवळांच्या आकृती काढल्या आहेत. गोधडीवर ठिगळांची नक्षी असते ना, तशी.

अमेरिकेतल्या भावाला आधी सांगते. ही जमीन रिकामी मिळाली नव्हती. इथे एबुरोन नावाची जमात राहत होती. इ.स.पूर्व ५४ मध्ये त्यांनी उठाव करून सीझरची दीड पलटण संपवली. पुढच्या वर्षी सीझरनं आसपासच्या जमातींना लुटीचं आमंत्रण देऊन त्यांच्यावर सोडलं. या जमातीचा वंश आणि नाव दोन्ही पुसून टाकायचं हा आपला हेतू होता, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि तो हेतू जवळजवळ तडीस गेला. मग ऱ्हाइनच्या पलीकडून उबी नावाची रोमशी मैत्री असलेली जमात आणून या ओसाड प्रदेशात बसवली. रस्ते, स्नानगृहं, नळाचं पाणी, सगळं त्यानंतरचं. रोमनं ‘दिलं’ असं म्हणताना, ज्यांच्या जमिनीवर दिलं त्यांना काय मिळालं, हे वाक्यातून गळून जातं. ते गळू देऊ नये असं मला मनापासून वाटतं. इथल्या शाळेच्या सहलींतल्या मुलांना शस्त्रं, शिरस्त्राणं आणि स्नानगृहं दिसतात. एबुरोन दिसत नाहीत, कारण मेलेल्यांनी इमारती मागे ठेवल्या नाहीत.

आता दादासाठी. इ.स. ६९-७० मध्ये ऱ्हाइनकाठी रोमविरुद्ध मोठा उठाव झाला. पलीकडच्या टेंक्टेरी जमातीचा दूत कोलोनला आला आणि म्हणाला, तुम्ही आमचेच रक्ताचे. तट पाडा, कोंडलेलं रानटी जनावरसुद्धा आपला पराक्रम विसरतं. आणि तुमच्या हद्दीत जेवढे रोमन असतील तेवढे मारून टाका. कोलोनकरांनी वेळ मागून घेतला आणि उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं: बाहेरून आलेले जे होते ते युद्धात संपले किंवा आपापल्या घरी पळून गेले. पण जे फार पूर्वी इथे वसले, आमच्याशी सोयरीक झाली, आणि त्या लग्नांतून जी मुलं झाली, त्यांची मातृभूमी हीच आहे. आमच्या आईबापांना, भावांना, लेकरांना आम्ही आमच्या हातानं मारावं असं म्हणण्याइतके तुम्ही अन्यायी नसाल.

वसाहतीचा दर्जा मिळाल्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत ‘रोमन’ आणि ‘आपला’ हे दोन वेगळे ढीग करता येईनासे झाले होते. कोलोनकर काही संत नव्हते. वारं फिरल्यावर याच लोकांनी उठाववाल्यांच्या एका तुकडीला शेजारच्या गावात भरपूर खाऊपिऊ घातलं आणि दारं लावून जिवंत जाळलं. पण ते रोमचं बाहुलंही नव्हते. त्यांचा जीव, त्यांची घरं, त्यांची पोरं, आणि त्यासाठी त्यांनी केलेला त्यांचा निर्णय. त्यांना उबीपेक्षा अग्रिपीनाच्या नावानं ओळखलेलं आवडायचं, तरी आपल्या मूळ जमातीची लाज वाटत नव्हती, असंही टॅसिटसनंच सांगितलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन आयफेलच्या डोंगरात नेटर्सहाइमला गेले होते. टेकडीवर देवींच्या शिळा उभ्या आहेत. मूळच्या संग्रहालयात, इथे प्रतिकृती. एका बाकावर तीन बायका बसलेल्या, मांडीवर फळांच्या टोपल्या. कडेच्या दोघींच्या डोक्यावर मोठ्या गोल टोप्या, उबी बायका घालत तशा, आणि मधली मुलगी मोकळ्या केसांची. खाली लॅटिनमध्ये नवस फेडल्याचा मजकूर. या मातृदेवता इथल्या मातीतल्या. त्यांना असं दगडात कोरणं, अक्षरांत नवस लिहिणं, हे रोमनांकडून आलेलं. नवस फेडणाऱ्यांत उबीही होते आणि रोमन सैनिकही. मला आमच्या नदीकाठच्या साती आसरा आठवल्या. पायथ्याशी कुणीतरी रानफुलं आणि एक सफरचंद ठेवलं होतं. मुलीनं विचारलं, “आई, ह्या रोमन देवी की जर्मन?” मी म्हटलं, ज्यांनी नवस केला त्यांच्या.

तेच उत्तर मला दोघा भावांना द्यायचं आहे. दादाला फारसी शब्द जिंकणाऱ्याचे वाटतात म्हणून ते परत फेकायचे आहेत. धाकट्याला रेल्वे जिंकणाऱ्याची वाटते म्हणून आभार मानायचे आहेत. दोघांच्या हिशेबात मालक एकच. ज्यांनी ती वस्तू हाताळली, वाकवली, आपल्या कामाला लावली, त्यांचं नाव दोघांच्याही वहीत नाही.

जर्मन भाषेत दगडविटांच्या भिंतीला ‘माउअर’ म्हणतात, तो शब्द लॅटिनमधून आला. पण खोलीच्या भिंतीला ‘व्हांड’, आणि त्याचं मूळ काटक्या गुंफण्यात आहे. आपला कूड असतो तसा. दगडी तट नवा होता तर त्याचा शब्द घेतला, कुडाचा शब्द जुना होता तर तो ठेवला. खिडकी, तळघर, कौल, द्राक्षाची दारू, यांचे जर्मन शब्द लॅटिनमधले आहेत आणि कुणा जर्मनाला ते परके वाटत नाहीत. आपणही तेच केलं. घराला दार, गडाला दरवाजा. रायगडावर महाराजांच्या राजधानीत शिरायच्या जागेचं नाव महादरवाजा: अर्धं संस्कृत, अर्धं फारसी, आणि अख्खं मराठी.

राज्यव्यवहारकोशाचं काय, असं दादा विचारणार हे मला माहीत आहे. त्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथपंतांनी कारभारातल्या सुमारे १४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती. नवं सार्वभौम राज्य आपल्या दप्तराची भाषा ठरवतं, तो त्याचा हक्कच आहे. पण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. कागदोपत्री पंतप्रधान राहिला आणि लोकांच्या तोंडी पेशवे राहिले. अमात्य टिकले आणि मुजुमदारही टिकले. आमच्याच घरात लेकीसुनांची माहेरं चिटणीस, सबनीस आणि पोतनीस आहेत. तसंच सावरकरांनी भाषाशुद्धीत सुचवलेले दिनांक आणि महापौर आपण घेतले, तारीखही सोडली नाही. लोकांनी दोन्ही वेळा आपल्या मर्जीनं निवड केली. दादा, तुझ्या संदेशातही ‘गुलामी’, ‘जबरदस्ती’, ‘हद्द’ आहेत. चूक काढायची म्हणून हे दाखवत नाही. आर्मिनियसचा राग लॅटिनमुळे खोटा ठरत नाही, तसा तुझाही नाही.

आणि फारसीच्याही मागे जायचं तर तुझ्या घरापासून पांडवलेणी किती लांब आहेत? तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान या शक क्षत्रपाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. शकांचा हा जावई भिक्षूंना लेणं देतो, ब्राह्मणांना गायी देतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी यानं नहपानाचा क्षहरात वंश निःशेष केला असं अभिमानानं सांगणारा. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला होता. वितळवली नाहीत. शत्रूच्याच चांदीवर आपली टेकडीची खूण ठोकली आणि पुन्हा बाजारात सोडली. काही नाण्यांवर त्या ठशाखालून नहपानाचं नाक, हनुवटी अजून दिसते.

क्षहरात निःशेष झाले, पण शकांशी नातं तुटलं नाही. पुढच्याच पिढ्यांत एका सातवाहन राजाची राणी शक महाक्षत्रपाची मुलगी होती, हे कान्हेरीच्या लेखात आहे. तो महाक्षत्रप रुद्रदामन मानला जातो. आणि रुद्रदामन जुनागढच्या खडकावर सांगतो की त्यानं सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही. इ.स. १५० च्या सुमाराचा हा लेख शुद्ध संस्कृत गद्यातला पहिला मोठा शिलालेख मानतात. आपले सातवाहन तेव्हा प्राकृतात लिहीत होते. कोणती भाषा ‘आपली’ आणि कोणती ‘बाहेरच्यांची’ याचा निकाल त्या खडकासमोर उभं राहून लावता आला, तर दादानं मला सांगावं. पाडव्याला घरात पंचांग आणतो त्यावरही ‘शालिवाहन शके’ लिहिलेलं असतं. जिंकणाऱ्याच्या कहाणीशेजारी हरलेल्याचं नाव.

मग नहपान चांगला होता का? मुळीच तसं म्हणत नाही. सीझरही नव्हता. मारलेल्यांची बाजू मांडायची राहिलेली असते तिथे ती मांडायलाच हवी, आणि ज्या गावाचं नाव लोकांना मनापासून टोचतं ते बदलायचा अधिकारही लोकांचाच. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. डेटमोल्डजवळ आर्मिनियसचा प्रचंड पुतळा आहे, १८३८ ला काम सुरू झालं आणि १८७५ ला संपलं. तलवार उगारलेला हा वीर रोमकडे, म्हणजे दक्षिणेला बघत नाही. पश्चिमेला, फ्रान्सकडे बघतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जखमेचं नाव घेऊन तेव्हाच्या शेजाऱ्यावर रोख धरला होता. पुढे काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणूनच आज जर्मन माणूस त्या पुतळ्यापाशी सहलीला जातो, पण त्याच्याविषयी बोलताना शब्द तोलून वापरतो. टेंक्टेरींचा दूत तट पाडा म्हणाला तिथे थांबला नव्हता. पुढचं वाक्य माणसं मारा असं होतं. घरातल्या शब्दांपासून सुरू झालेली यादी शेजारच्या माणसापर्यंत किती लवकर पोचते, याची मला काळजी वाटते.

माझी मुलगी चिडली की मराठीत सुरुवात करते आणि राग वाढला की जर्मनवर जाते. मधे एखादं “सोड ना गं” येतं. त्या क्षणी ती कुणाची भाषा बोलते आहे, हे मला खरंच विचारावंसं वाटत नाही.

लग्नासाठी डिसेंबरात नाशिकला येते आहे. दादाला काल फोन केला, म्हटलं हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी पांडवलेण्यांना जाऊ, दहावं आणि तिसरं लेणं लागोपाठ बघू. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “लवकर निघू, नंतर ऊन होतं. गाडी मी काढतो.”