पाइनचे कायिक भ्रूण : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

पाइनच्या कायिक भ्रूणांवरील, म्हणजे फलनाने नव्हे तर प्रयोगशाळेत साध्या पेशींपासून वाढवलेल्या भ्रूणांवरील, माझ्या लेखावर आपण निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. केळीचे टिश्यू कल्चर निवडलेल्या झाडाच्या मुनव्यापासून होते, पाइनमध्ये मात्र सुरुवात बियांपासून होते. तेव्हा ‘उत्तम झाडाची हुबेहूब रोपे’ हे माझे विधान खोटे ठरते आणि ही पद्धत बी पेरण्याहून वेगळी उरत नाही, असे आपले म्हणणे आहे.

यातला पहिला भाग रास्त आहे. बियातील भ्रूणात आईबापांच्या गुणांची नवी सरमिसळ असते; त्यापासून झालेली रोपे एकमेकांसारखी असतात, मातृवृक्षासारखी नव्हे. खानापूरकडे काजूचे कलम बांधताना काडी कोणत्या झाडाची हे आधीच ठाऊक असते. येथे भ्रूणाचे गुण आधी ठाऊक नसतात.

दुसरा भाग मात्र मला मान्य नाही. ज्या तंबाखूने निपाणी ओळखली जाते, त्याच तंबाखूच्या ऊतींवर स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये ऑक्सिन व सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकांच्या प्रमाणावर मूळ फुटणार की कोंब हे ठरते, असे दाखवले. पाइनसारखे शंकुधारी वृक्ष इतके सोपे नाहीत. त्यांचे कायिक भ्रूण नॉर्वे स्प्रूस या शंकुधारी वृक्षात मिळाले ते १९८५ मध्ये. प्रौढ पाइनच्या सुया किंवा शेंडे सहसा दाद देत नाहीत, म्हणून हिरवा शंकू फोडून कोवळे बी पोषक माध्यमावर ठेवावे लागते. काही आठवड्यांत बियाच्या टोकातून पांढुरका, बुळबुळीत पुंजका बाहेर येतो. ॲसिटोकार्मिन आणि इव्हान्स ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की भ्रूणांची डोकी लाल आणि त्यांच्या लांब शेपट्या निळ्या दिसतात.

खरी किल्ली पुढे आहे. या पुंजक्याचा काही भाग उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. उरलेल्या भागातले भ्रूण ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या साहाय्याने पक्व करून त्यांची रोपे रानात लावतात आणि वाढ, खोडाचा सरळपणा, रोगप्रतिकार वर्षानुवर्षे तपासतात. कोणता वंश (एकाच बियाच्या पुंजक्यातून आलेली रोपे) सरस हे कळेपर्यंत झाड प्रौढ होते, त्याच्या फांद्यांना मुळे फुटणे अवघड होते. नायट्रोजनमधला पुंजका मात्र तेवढाच कोवळा राहतो आणि त्यातून त्याच वंशाची हवी तेवढी रोपे करता येतात. पेरलेले बी एकदाच उगवते. अर्थात प्रत्येक बी पुंजका देत नाही आणि प्रत्येक पुंजक्यातून चांगले भ्रूण पिकत नाहीत, हेही मी मूळ लेखात लिहायला हवे होते.

ते वाक्य आता ‘चाचणीत सरस ठरलेल्या भ्रूणाची हुबेहूब रोपे’ असे दुरुस्त केले आहे.